मावळतीचे वर्तुळ

इंदूर, 20 मार्च

गेले आठ दिवस माझ्या पुतण्याच्या डोक्यात एकच विषय घोळत होता. पृथ्वी ताटासारखी सपाट आहे, उत्तर ध्रुव तिच्या मध्यभागी आहे आणि सूर्य सुमारे 5000 किलोमीटर उंचीवरून तिच्यावर फेऱ्या घालतो, असे सांगणारे व्हिडिओ त्याने पाहिले होते. मग सूर्य मावळतो कसा, यावर त्या मंडळींचे उत्तर असे, की तो मावळत नाही, नुसता दूर जातो; लांबलचक रस्त्यावरचे दिवे पुढे पुढे खाली उतरल्यासारखे दिसतात, तसाच. घरात सगळे त्याला रागावले. मला ते रुचले नाही, कारण त्याची शंका खरी होती आणि तिचे उत्तर मोजून पाहता येण्याजोगे होते.

दूरचे दिवे लहानही दिसतात, हे त्याच्याच लक्षात आले. म्हणून आज विषुवदिनी आम्ही दोन मीटरच्या काठीच्या एका टोकाला सुईने भोक पाडलेला पुठ्ठा आणि दुसऱ्या टोकाला पांढरा कागद लावला. दुपारी साडेबारानंतर, सूर्य सर्वांत उंच असताना, कागदावर पडलेल्या त्याच्या प्रतिमेभोवती पुतण्याने पेन्सिलीने वर्तुळ काढले. ते जेमतेम 19 मिलिमीटर भरले. संध्याकाळी पावणेसहाला बिजासन टेकडीवर तीच काठी सूर्याकडे धरली, तेव्हा प्रतिमा त्याच वर्तुळात बसली. सपाट नकाशावर हिशेब केला, तर त्या वेळी सूर्य दुपारच्या दुपटीहून अधिक लांब गेलेला असायला हवा आणि प्रतिमा 9 मिलिमीटरच्या आसपास उरायला हवी. पुतण्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला.

मला स्वतःला मात्र याहून अडते ते दुसऱ्याच ठिकाणी. त्याच हिशेबाने आज मावळतीच्या वेळी सूर्य क्षितिजापासून 21-22 अंश वर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींएवढ्या उंचीवर, तोही वायव्येला दिसायला हवा; क्षितिजाला तो कधी टेकायलाच नको. प्रत्यक्षात साडेसहा वाजून गेल्यावर धुळीने तांबूस झालेले बिंब नेमके पश्चिमेला खालच्या कडेपासून झाकले जाऊ लागले: आधी तळ, मग अर्धे, शेवटी नखाएवढी कोर. दूर जाणारी वस्तू अशी खालून कापली जात नाही. मध्ये काही आड यावे लागते, आणि इथे आड येते ती जमीनच.

उतरताना मी त्याला भास्कराचार्यांविषयी सांगितले. 1150 साली ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात त्यांनी हेच विचारले आहे, की पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यावर उंच फिरणारा सूर्य देवांप्रमाणे माणसांनाही सतत का दिसू नये? ती सपाट का भासते, हेही त्यांनी सांगितले: परिघाचा शंभरावा भाग सपाटच वाटतो, पृथ्वी अफाट आहे आणि माणूस अगदी लहान. हे उत्तर मला फार प्रिय आहे, कारण त्यात कोणाच्या डोळ्यांना खोटे ठरवलेले नाही.

पुतण्याने वर्तुळाखाली आजची तारीख घातली आहे. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य पश्चिमेपासून सुमारे 25 अंश दक्षिणेकडे मावळेल, सपाट नकाशाप्रमाणे मात्र तो तेव्हाही वायव्येकडेच असायला हवा. ती दिशा आखायला त्याने गच्चीच्या कठड्यावर आत्ताच खडूने पश्चिमेची रेघ ओढून ठेवली आहे.