केबल तोडण्याआधी महिनाभर केबल आणि नेटवरचा टीव्ही दोन्ही चालू ठेवा

ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पश्चिमेला गॅलरी असलेला फ्लॅट घेतला की डीटीएचचा विषय तिथेच संपतो. आपल्याकडच्या डीटीएच कंपन्यांचे उपग्रह ठाण्याहून साधारण आग्नेयेला येतात. त्या बाजूला मोकळं आकाश नसेल तर छत्री गच्चीवर न्यावी लागते, आणि कित्येक सोसायट्या गच्चीला हात लावू देत नाहीत. जिथे छत्री बसते तिथेही जुलैच्या जोरदार सरीत चित्राचे चौकोन होतात. मग नेटवरून टीव्ही बघण्याचं ठरतं. ते चांगलंच आहे, पण घाईत केबल तोडून पंधरा दिवसांत केबलवाल्याला परत बोलावणारी घरंही कमी नाहीत.

नेटवर टीव्ही दोन तऱ्हांनी मिळतो आणि त्यांची गल्लत झाली की घरात कुरबुर सुरू होते. पहिली तऱ्हा सुट्या ॲपची. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. बातम्या फुकट आहेत: एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास यूट्यूबवर दिवसभर थेट चालू असतात. सह्याद्रीसाठी प्रसार भारतीचं वेव्ह्ज हे ॲप आहे. दुसरी तऱ्हा नेट कंपनीच्याच वाहिनीसेवेची, म्हणजे जिओटीव्ही प्लस किंवा एअरटेलने २०२५ मध्ये आणलेली आयपीटीव्ही (नेटच्या वायरीतून येणाऱ्या वाहिन्या). यात वाहिन्या केबलसारख्या एकापुढे एक लागतात. जी आजी संध्याकाळी सातला टीव्ही लावते आणि साडेदहाला बंद करते, मधे काहीही ‘निवडत’ नाही, तिच्यासाठी पहिली तऱ्हा कुचकामी. तिला नंबर दाबला की वाहिनी लागायला हवी. अशा घरात नेट कंपनीचा, आकड्यांची बटणं असलेल्या रिमोटचा बॉक्सच घ्यावा, टीव्ही कितीही स्मार्ट असला तरी.

तेव्हा आधी आठवडाभर फ्रिजवर कागद लावा आणि कोण कोणती वाहिनी बघतं ते लिहा. केबलच्या पॅकमध्ये दोनेकशे वाहिन्या असल्या तरी कागदावर आठ-दहाच्या वर सहसा जात नाहीत. त्या आठ-दहा नव्या सेवेत आहेत का, एवढंच तपासायचं.

पैशांचं गणित सोपं आहे. जाहिरातीतला आकडा जीएसटीशिवायचा असतो. ५९९ चा प्लॅन १८ टक्के धरून ७०६ रुपये ८२ पैशांना पडतो. घरात ब्रॉडबँड आधीच असेल तर केबलचं बिल वाचतं. टीव्हीसाठी म्हणून नव्याने नेट घेत असाल तर वाचत काहीच नाही, उलट थोडे जास्तच जातात. प्लॅनसोबत मिळणारी ॲप कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाइल नंबरनेच उघडतात. भाड्याच्या घरात कनेक्शन मालकाच्या नावावर असेल तर ओटीपी त्यांच्या फोनवर जातो, आणि रात्री नऊला मॅच सुरू असताना तो मागणं अवघड जातं. मोबाइल रिचार्जवर फुकट मिळालेली वर्गणी बऱ्याचदा फक्त फोनपुरती असते, हेही टीव्हीवर लॉगिन करण्याआधी पाहून घ्या.

आता डेटा. एचडी वाहिनीला साधारण ५ एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. रोज आठ तास टीव्ही चालला तर महिन्याला ५४० जीबी. फायबरवर जी ३३०० जीबीची मर्यादा असते तिला याने धक्का लागत नाही. वायरशिवायच्या एअरफायबरवर मात्र १००० जीबीच मिळतात. दोन टीव्ही आठ-आठ तास चालले की महिना संपायच्या आत वेग घसरतो. टीव्ही बंद केला तरी त्यात खोचलेली, नेटवरची ॲप चालवणारी स्टिक कधी कधी मागे चालूच राहते, हीसुद्धा एक छुपी गळती. टीव्ही बंद करण्याआधी होमचं बटण दाबण्याची सवय घरात सगळ्यांना लावा.

चित्र अडकतं त्याचं खापर बहुतेक जण प्लॅनवर फोडतात आणि ३० चा १०० एमबीपीएस करून घेतात. दोष प्लॅनमध्ये क्वचितच असतो, घरातल्या वायफायमध्ये असतो. आपल्याकडे नेटवाला राउटर दारामागे, चपलांच्या कपाटावर बसवून जातो, कारण वायर तिथून आत येते. तिथून बेडरूमच्या टीव्हीपर्यंत दोन भिंती. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंती ओलांडते, पण टॉवरमध्ये शेजारपाजारचे वीस-पंचवीस राउटर त्याच पट्ट्यात असतात आणि एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण ती लहर काँक्रीटच्या भिंतीत अडते. उपाय एकच आणि स्वस्त: राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट-६ लॅन वायर. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचाच असतो. तेवढा भरपूर झाला. वायर ओढणं शक्यच नसेल तर टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, आणि स्टिक थेट टीव्हीच्या पाठीत न खोचता सोबत आलेल्या छोट्या एचडीएमआय वायरीने बाहेर काढा. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. ती अपुरी पडते आणि स्टिक मधेच पुन्हा सुरू होते.

वेग तपासायचा तो रात्री नऊला आणि टीव्हीवरच, फोनवर नव्हे. लॅनवर लॅपटॉप नीट चालतो आणि टीव्ही अडकतो, तर वायफाय दोषी. दोन्ही अडकले तर नेटवाला. फायबरची वायर ज्यात शिरते त्या डब्यावर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला असेल तर डबा बंद-चालू करून काही होत नाही. फायबर कुठेतरी तुटली किंवा मुडपली आहे. आधी सोफ्याच्या पायाखाली बघा, मग तक्रार करा. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्हीबरोबर राउटर आणि फायबरचा डबाही त्यावर घ्या, नाहीतर महावितरणची वीज क्षणभर गेली तरी राउटर सावरेपर्यंत टीव्ही कोरा.

एका गोष्टीला मात्र इलाज नाही. नेटवरची मॅच केबलच्या मागे असते, कधी कधी अर्धा मिनिट. समोरच्या इमारतीत केबल असेल तर षटकाराची आरोळी आधी ऐकू येते आणि चेंडू नंतर उडतो. मॅचच्या वेळी खिडकी लावून घेणं आणि फोनवरच्या स्कोअरच्या सूचना बंद ठेवणं, एवढंच हातात.

महिनाभर दोन्ही चालवून कुणाची तक्रार उरली नाही की केबल बंद करा. बॉक्स केबलवाल्याचा असेल तर परत देऊन अनामत मागा आणि लेखी पावती घ्या, नाहीतर बिल चालूच राहतं. डीटीएचची छत्री मात्र काढून टाकू नका. ती जीसॅट-१५ कडे, म्हणजे ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहाकडे वळवून दूरदर्शनच्या फ्री डिशचा बॉक्स लावला की महिन्याचं भाडं न भरता सह्याद्री आणि इतर वाहिन्या दिसतात. डिश टीव्हीची छत्री असेल तर जेमतेम दीड अंशाचा फरक, कारण तिचा उपग्रह ९५ अंशांवर आहे. बसवणाऱ्याला सिग्नलची पट्टी टीव्हीवर दाखवायला सांगा, आणि ती स्थिर झाल्यावरच नट घट्ट करू द्या.