सैल झाकणाचा डबा

बाळ घरी आलं तेव्हा तयारीत काही म्हणजे काही कमी नव्हतं. डझनभर दुपटी, झबली-टोपरी, आत्याने पाठवलेला बाळंतविडा, त्यात खारीक, खोबरं, डिंक, बाळंतशेपा. नव्हता तो फक्त एका हाताने उघडेल असा डबा.

हसू नका. रात्रीचे अडीच वाजलेत, बाळ अंगावर पितंय, त्याचं डोकं माझ्या डाव्या कोपरात, सिझेरियनचे टाके ओढताहेत, आणि भूक अशी लागलीये की पोटात कालवाकालव होतेय. आईने अळिवाचे लाडू उशाशीच ठेवले होते. पण स्टीलच्या डब्यात, मुंग्या लागू नयेत म्हणून झाकण दाबून बसवलेलं. गुडघ्यांत डबा धरून झाकण ओढलं, ते निसटून फरशीवर गरगरत गेलं. बाळ दचकून सुटलं आणि किंचाळायला लागलं. आई धडपडत उठली, पलीकडच्या खोलीतून बाबांचं "काय पडलं गं?" बाळाला पुन्हा लावेपर्यंत पाऊण तास गेला. लाडू राहिलाच.

सकाळी भावाने श्रीखंडाचा जुना प्लास्टिकचा डबा आणून दिला, झाकण सैल झालेला. तेव्हापासून मी एकच नियम पाळला. पाजायला बसल्यावर उजव्या हाताच्या टप्प्यात जे नाही, ते मला नाहीच. त्यामुळे बसण्याआधी पाणी, लाडू, फडकं, मोबाइल आणि दोन उशा जवळ आहेत ना, ते बघायचं. एक उशी पाठीला, एक बाळाखाली. बाळाला छातीपर्यंत उचलायचं, आपण त्याच्यावर वाकायचं नाही. हे मला दवाखान्यातल्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी वाकत राहिले आणि आठवड्यात मान धरली.

त्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती, तीही मी भेगा पडल्यावरच मनावर घेतली. बाळाने नुसतं टोक तोंडात धरलं तर ते चावल्यासारखं दुखतं. त्याने तोंड मोठं उघडायची वाट बघायची आणि भोवतीचा काळा भागही तोंडात जाईल असं लावायचं. चुकलं तर ओढून काढायचं नाही, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून आपलं बोट घालून पकड सोडवायची. पाजून झालं की शेवटचे दोन थेंब भेगांवर लावून हवेवर वाळू द्यायचे. लावणं नीट जमलं तसं चार दिवसांत पाजताना पाय आवळून धरायची माझी सवय सुटली.

पाण्यावरून मात्र आईशी चांगलंच वाजलं. बाळंतिणीने पाणी कमी प्यायचं, नाहीतर पोट सुटतं आणि टाके पिकतात, हे तिचं ठाम मत. इकडे बाळ ओढायला लागलं की मिनिटभरात माझा घसा कोरडा. शेवटी टाके दाखवायला गेलो तेव्हा मी मुद्दाम आईसमोर विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, तहान लागेल तेवढं पाणी द्या, त्याने टाक्यांना काही होत नाही. आणि दूध वाढावं म्हणून बळजबरीने तांब्याच्या तांब्या पाजू नका, दूध वाढतं ते बाळ ओढेल त्या मानाने. आईने तोडगा काढला. ओवा-बडीशेप घालून उकळलेलं पाणी, थर्मास भरून. तिचंही राहिलं आणि माझंही भागलं.

त्याच भेटीत कळलं की पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे ती रात्रीची भूक खादाडपणा नव्हता! लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मी सकाळच्या चहाबरोबर एकदमच घेत होते, त्यावर डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत, आणि लोहाच्या गोळीच्या आसपास चहा तर नाहीच. बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या त्या.

सिझेरियनमुळे बारसं एकविसाव्या दिवशी ठेवलं होतं. पैठणीचा ब्लाऊज आधीच्या मापाचा, पण म्हटलं तासाभराचा तर प्रश्न. तो तास पाच तासांवर गेला. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. मला छाती भरून आल्याचं कळत होतं, पण ओटी भरायला बायका रांगेत उभ्या असताना "मी आत जाते" म्हणायचा धीर झाला नाही. आता वाटतं, म्हणायला हवं होतं, कोणी काही खाल्लं नसतं मला.

रात्री दात वाजतील अशी थंडी भरली. ताप १०२. उजव्या बाजूला काखेकडे लालभडक दगडासारखा पट्टा, त्यावरून कपडा सरकला तरी जीव जायचा. सकाळी मालिशवाल्या मावशींनी तेल लावून गाठ चांगली रगडली. त्यांची माया होती, पण दुखणं दुप्पट झालं. घरात एकमत असं, की त्या बाजूचं पाजू नको, ताप बाळाला बाधेल.

डॉक्टरांनी बरोबर उलटं सांगितलं. दोन्ही बाजूंनी नेहमीसारखं पाजायचं, त्या दुधाने बाळाला काही होत नाही. गाठ रगडायची नाही. रिकामं करायच्या नादात पिळून पिळून दूध काढायचं नाही, त्याने दूध आणखी तयार होतं आणि सूज वाढते. गार पाण्याची घडी ठेवायची, तापावर गोळी घ्यायची. दुसऱ्या दिवशीही ताप हटला नाही तेव्हा त्यांनी पाजताना चालणारं अँटिबायोटिक दिलं. चौथ्या दिवशी पट्टा मऊ पडला. तो ब्लाऊज मी शिंपिणीकडे दिला, परत आणायला अजून गेलेले नाही.

दिवेलागणीला रडू यायचं तेही इथेच सांगते. दोन आठवड्यांत जातं म्हणतात, माझं पाचव्या आठवड्यापर्यंत चाललं. तेव्हा नवऱ्याला म्हटलं, मला दाखवायला ने. समुपदेशकांकडे चार वेळा गेले. त्यांनी पहिल्यांदा झोपेचंच विचारलं. मग रात्री पाजून झालं की बाळ नवऱ्याकडे. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं त्याचं. मला सलग तीन तास झोप मिळायला लागली आणि संध्याकाळी भिंती अंगावर येईनाशा झाल्या.

तीन महिन्यांनी कराडहून पुण्याला एसटीने निघालो. वाटेत गाडी थांबली, बाळ भुकेलं. स्टँडवर 'हिरकणी कक्ष' अशी ठळक पाटी, खाली कुलूप. किल्ली कंट्रोलरकडे, कंट्रोलर चहाला. कुलूप निघालं तेव्हा आत मोडका बाक आणि ट्यूबलाइटची खोकी. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून बाळासाठी कडा उतरलेल्या बाईचं नाव दिलंय खोलीला, आणि दरवाजा बंदच! मी खोकी सरकवून बसले. पिशवीत डबा होता, पाणी होतं. बाळ प्यायलं, मी दोन लाडू खाल्ले, आणि बाहेर कंडक्टरने गाडी थांबवून ठेवली होती.

गेल्या महिन्यात वहिनीला मुलगी झाली. भेटायला निघताना तो श्रीखंडाचा डबा पिशवीत टाकला. आईने बघितला आणि म्हणाली, "रिकामा डबा देतात का कुठे?" मग आम्ही दोघींनी बसून लाडू वळले.