चावा नवऱ्याला, चिठ्ठी बायकोला

‘काही होत नाही, घ्या बिनधास्त.’ लस टोचताना आमच्या खात्यात हे वाक्य इतकं सर्रास वापरतात की नव्याने लागलेली पोरं ते पहिल्याच आठवड्यात शिकतात. मला विचाराल तर लोकांचा विश्वास जितका या वाक्यानं घालवला, तितका कुठल्या सुईनं घालवला नसेल. मी आरोग्यसेविका आहे, देवगड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि स्वतः पन्नाशीला टेकलेली. सांगतेय ती गोष्ट 2024 च्या मे महिन्यातली. अजून डोक्यातून जात नाही.

त्या आठवड्याची हवाच वेगळी होती. आंब्याची घाई, गावात चाकरमानी, आणि 7 मेला लोकसभेचं मतदान म्हणून अर्धा स्टाफ ट्रेनिंगला. त्यात बातमी आली. कोविशिल्ड ही मुळात ज्या अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीची लस, तिनं ब्रिटनच्या कोर्टात लिहून दिलं की फार क्वचित या लशीमुळे रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट उतरू शकतात. टीटीएस म्हणतात त्याला. पाठोपाठ कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की लशीच्या सर्टिफिकेटवरून पंतप्रधानांचा फोटो गायब झालाय. फोटो आचारसंहितेमुळे काढलेला, पण आमच्याकडे त्याचा अर्थ लागला, ‘बघा, सरकारनं हात झटकले.’

यात नवं फारसं काही नव्हतं. केंद्र सरकारनं 17 मे 2021 लाच जाहीर केलं होतं की तोवर तपासलेल्या 498 गंभीर केसेसपैकी 26 मध्ये गुठळ्यांचा संशय आहे, म्हणजे दहा लाख डोसांमागे 0.61. हा त्रास होतो तोही डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. तीन वर्षांनी नाही. पण हे तेव्हा गावात कुणी सांगितलं? आम्ही ‘काही होत नाही’ म्हणत होतो. आता तेच लोक ओपीडीत येऊन माझ्यासमोर दंड पुढे करत होते, जणू तिथे अजून काही दिसणार होतं. सगळे 45 ते 60 मधले. या वयाचं गणित अवघड असतं. छातीत कळ येते, मुंग्या येतात, झोप उडते, पाळी चुकते, गुडघा बोलतो. हे सगळं लस नसती तरी आलंच असतं. पण लस झालेली आहे, आणि नंतर आलंय, एवढं माणसाला पुरतं. माझंही काही वेगळं नव्हतं, ते पुढे येईलच.

तर सकाळी, ओपीडी उघडायच्या आधी, एक बागायतदार आले. वय 53, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू. पेट्या भरायला बागेत निघालेले असताना भटक्या कुत्र्यानं पोटरी धरली होती. स्वतः आलेच नव्हते, बायकोनं रिक्षात घालून आणलेलं. जखमेवर चुना थापलेला. आमच्याकडे चुना, हळद, मिरचीपूड, कॉफी, यांतलं काहीतरी असतंच, आणि ते धुऊन काढण्यात आमचं पहिलं भांडण होतं.

जखम धुणं हा माझा हट्टाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लोकांना वाटतं खरं औषध सुईत असतं. पण वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली तर निम्मं काम तिथेच होतं, कारण रेबीजचा विषाणू जखमेतूनच नसेत शिरायला बघतो. पंधरा मिनिटं म्हणजे घड्याळ लावून पंधरा. लोक दीड मिनिटात हात झटकतात. मी त्यांना नळाखाली स्टुलावर बसवलं, पाय बादलीवर ठेवला आणि मोबाइलवर टायमर लावला. चुना गेल्यावर दाताच्या दोन खुणा दिसल्या, एक उथळ, दुसरीतून रक्त. रक्त आलं की आमच्या भाषेत तिसरी, म्हणजे सगळ्यात गंभीर कॅटेगरी: एआरव्हीचे, म्हणजे रेबीजच्या लशीचे डोस लागतात आणि जखमेच्या आत-भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शनही. ते आमच्याकडे नव्हतं, त्यासाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवावं लागतं. टाके घालायचे नाहीत, पट्टी घट्ट बांधायची नाही. हेही दर वेळी समजावावं लागतं. कारण उघडी जखम बघून नातेवाईक चिडतात.

टायमर चालू असतानाच त्यांनी सांगून टाकलं, “सिस्टर, धुवा काय ता, पण माका सुई नको.”

“का दादा?”

“ता कोविशिल्डचा वाचलास मा? माजो थोरलो भाव दुसरो डोस घेतल्यान आणि तीन म्हयन्यांत गेलो. हार्ट अ‍ॅटॅक. कोणी सांगल्यान, कशान गेलो?”

आमचा सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, तेवढ्यात मधे पडला. पोरगा हुशार आहे, प्रामाणिक आहे, पण मोबाइलवरची पीडीएफ म्हणजे उत्तर असं त्याला वाटतं. आयसीएमआरचा अभ्यास काढून दाखवायला लागला, की लशीमुळे अचानक मृत्यूचा धोका वाढलेला नाही, उलट कमी झालेला दिसतो. अभ्यास खरा आहे. पण तो 18 ते 45 वयाच्या लोकांचा, आणि गेलेला भाऊ 56 चा. दादांनी लगेच विचारलं, “ह्यात माज्या भावाच्या वयाचे आसत?” पोरगा गप्प. वर “काका, काही होत नाही हो” म्हणालाच.

मग दादांनी जे मांडलं त्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. म्हणाले, कुत्रा पिसाळलेला होता की नाही हे माहीत नाही, लशीनं मला काही होईल की नाही हेही माहीत नाही. दोन्हीकडे माहीत नाहीच, मग न टोचलेलं काय वाईट? शिवाय लहानपणी वाडीतल्या एका पोराला पोटात चौदा इंजेक्शनं दिलेली त्यांनी पाहिली होती. तो नंतर पायानं अधू झाला, असं ते सांगत होते.

मी ते उडवून लावलं नाही. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची आणि तिच्यामुळे काहींना खरोखर लकवा मारायचा. म्हणूनच 2004 नंतर ती आपल्याकडे बंद झाली. आताची लस प्रयोगशाळेत पेशींवर वाढवून मारलेल्या विषाणूची असते. तिनं दंड दुखतो, खाजतो, क्वचित ताप येतो. कोविशिल्डचा प्रकारच निराळा, गुठळ्यांचा संबंध त्या प्रकाराशी आहे, हिच्याशी नाही. आणि दोन्हीकडचं ‘माहीत नाही’ एका वजनाचं नाही, हेही सांगितलं. लशीचा त्रास झाला तर आम्ही अर्धा तास इथे बसवतो, रिअ‍ॅक्शन आलीच तर द्यायचं अ‍ॅड्रेनॅलिन ट्रेमध्ये भरून ठेवलेलं असतं, आमच्या हातात काहीतरी असतं. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की कुणाच्याच हातात काही उरत नाही. कुत्रा पाळीव असता तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवता आली असती. हा तर बागेतून पळाला तो पळालाच.

“आणि तुमचे भाऊ कशानं गेले ते मला माहीत नाही,” मी म्हटलं. “पोस्टमॉर्टेम झालं नाही, मी कुठल्या तोंडानं सांगू?”

ते थोडा वेळ पायाकडे बघत राहिले. मग विचारलं, “तुम्ही घेतलास मा कोविशिल्ड? तुमका काय झाला?”

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात आणि नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: मी घेतली, बघा, ठणठणीत आहे. मी तसं म्हटलं नाही. सांगितलं की दुसऱ्या डोसनंतर माझी पाळी विस्कटली ती विस्कटलीच, आणि रात्री छातीत धडधड व्हायची. लशीनं, की 46 व्या वर्षानं, की कोविड ड्युटीनं, हे मला सांगता येत नाही. अमेरिकेत 2022 मध्ये झालेल्या अभ्यासात लशीनंतर पाळी सरासरी एखाद्या दिवसानं लांबलेली दिसली आणि पुढच्या एक-दोन महिन्यांत पूर्ववत झाली. माझी झाली नाही, म्हणजे बहुधा वयच. तरीही नंतरचा डोस मी घेतला. सीएचओ माझ्याकडे असा बघत होता की मी जणू आचारसंहिता मोडली.

टायमर वाजला. दादांनी पाय पुसला आणि बाही वर केली. “द्या काय ता.”

एआरव्ही कातडीत द्यायची असते, दोन्ही दंडांवर, प्रत्येकी 0.1 एमएल. सुई आत घुसली तर डोस चुकला. नीट बसली तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत फुगवटा वर येतो. तो आला की मला अजूनही बरं वाटतं. दोन्ही बाजूंना सुबक आला. कार्डावर 0, 3, 7, 28 व्या दिवसाच्या तारखा घातल्या, ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी दिली आणि अर्धा तास बाकावर बसवलं.

खरी केस इथून सुरू झाली.

बायको इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. मघापासून तिच्या हाताकडे माझं लक्ष जात होतं. कमरेच्या पिशवीतून ती चिमूट काढायची आणि तोंडात टाकायची. मला वाटलं तंबाखू. जवळ गेले तर कच्चे तांदूळ. दाणा दाणा चावत होती, आवाज येत होता. अंगात रक्त कमी असलं की असलं काहीबाही खावंसं वाटतं, म्हणून आमच्या धंद्यात हे दिसलं की आधी पापणी खाली ओढायची. ओढली. आत लाली नव्हतीच. नखं पांढरट, चपटी.

“वहिनी, अंगावरून किती जातं?”

तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग मला आत चला अशी खूण केली. आत गेल्यावर म्हणाली, “तुम्ही सांगलास मा, तुमची पाळी बिघडली. माजा पण लशीपासूनच. तीन वरसां झाली. आठ-आठ दिवस जाता, गुठळे पडतत. चादर भिजता.” वय 48. दाखवलं होतं का? एका खासगी दवाखान्यात दाखवलं होतं. ‘वय झालंय, जाईल’ म्हणून गोळ्या मिळाल्या. घरी आणि वाडीत मात्र ठरलं होतं की लशीनं केलंय, आता त्याला उपाय नाही. भावाचं लशीवर गेलं, हिचंही लशीवर.

एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन केलं, 7.4 आलं, फारच कमी. या बाई त्या अवस्थेत मार्चपासून पहाटे उठून आंब्याच्या पेट्यांत गवत भरत होत्या.

मला राग आला आणि तो नेमका कुणावर काढावा कळेना. लशीनंतर जे जे होतं, मग ते लशीमुळे असो वा नसो, ते नोंदवायची सोय आहे. एईएफआय म्हणतात. कारण ठरवायचं काम वरच्या समितीचं, आमचं फक्त लिहायचं. पण 2021 मध्ये अर्ध्या वाडीला ताप भरलेला असताना आमच्यासारख्या केंद्रांतून वर जाणारा अहवाल बहुतेक महिने ‘निरंक’, म्हणजे कोरा असायचा, कारण फॉर्म भरला की चार फोन येतात, निरंक लिहिलं की एकही येत नाही. हिला कुणी तेव्हाच ‘बाई, किती जातं’ एवढं विचारलं असतं, तर लस निर्दोष ठरली असती की नाही ते राहू दे, सोनोग्राफी तरी झाली असती.

मी तिला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. नवरा कुत्रा चावून आलेला आणि तातडीची चिठ्ठी बायकोला, हे बघून दादा बाकावरून उठलेच. “हिका काय झाला? हिका तर लशीचा आसा.” मी म्हटलं, दादा, ते आधी बघू दे. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे साधी, कॅन्सरची नसलेली गाठ निघाली, चांगली मोठी. फायब्रॉइड लशीनं होत नाही. चाळिशी-पन्नाशीत कितीतरी बायकांना असतो, आणि 2021 च्या आधीपासूनही असेल. शिरेतून लोह चढवलं, रक्त बरंचसं वर आलं.

त्या दिवसाचा विचार करते तेव्हा एक गोष्ट अडते. मी माझं खासगी सांगितलं नसतं तर ती आत चला म्हणाली असती का? बहुधा नाही. सीएचओचं म्हणणं वेगळं. पेशंटसमोर आपल्या शंका काढायच्या नसतात, त्यानं अफवांना बळ मिळतं. मतदानानंतर आमचा यावर चहाला वाद झाला. त्याची बाजू अगदीच खोटी नाही. पुढे वाडीत ‘सिस्टरची पाळी लशीनं गेली’ असं फिरल्याचं आशाताईंनीच मला सांगितलं, हसत हसत. मी बोलले ते अर्धंच लोकांनी उचललं होतं. माझी धडधड मात्र तपासून घेतली. ईसीजी आणि थायरॉईड दोन्ही नीट आहेत. कारण कळलं नाही.

दादा ग्रामीण रुग्णालयात गेले, पुढचे डोसही घेतले. 28 व्या दिवसाचा घ्यायला बायकोसोबत आले तेव्हा ती पिशवी कमरेला नव्हती. ओरोसच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, असं तिनं सांगितलं.

“कधी?”

“गणपती होऊन जावंदेत.”

गणपती सप्टेंबरात. मी कॅलेंडर काढलं आणि जून, जुलै, ऑगस्ट अशा तीन पाळ्या बोटावर मोजून दाखवल्या. तिनं नवऱ्याकडे बघितलं. दादा म्हणाले, “तिका काय झाला तर, सिस्टर? भूल देतत ती?”

“तीस मिनिटं बसा दोघंही,” मी म्हटलं, “बोलू.”