आमची वाटचाल : राण्यांच्या भरवशावर

लंडनच्या नाणेबाजारात मी पहिल्यांदा टेबल लावलं तेव्हा ट्रेमध्ये एकतीस डिनेरियस, म्हणजे रोमन चांदीची नाणी, होती आणि त्यांतल्या एकावरही सम्राट नव्हता. पुढच्या बाजूला सगळ्या राण्या, मागच्या बाजूला देवी. शेजारचा टेबलवाला ट्रेकडे बघून म्हणाला, "बायकांच्या नाण्यांवर टेबलाचं भाडं तरी सुटेल का?" त्याच्या लेखी नाणी म्हणजे सीझर, कॅलिग्युला आणि नीरो. या गृहस्थाबद्दल पुढे लिहायचं आहेच.

या नाण्यांचं वेड मला लंडनमध्ये नाही, चेन्नईत लागलं. पुण्याच्या पंप कंपनीनं तिकडे पाठवलं होतं. एका रविवारी एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात शिरलो. दक्षिणेत सापडलेली रोमन नाणी तिथे आहेत. रोमन सम्राट टायबेरियसच्या चांदीच्या नाण्यावर मागे आसनावर बसलेली एक बाई, एका हातात दंड आणि दुसऱ्यात डहाळी. बरेच जाणकार तिला त्याची आई लिव्हिया मानतात, काही जण शांतिदेवी पॅक्स. मिऱ्यांच्या व्यापारात हा छाप आपल्याकडे मुबलक आला. राणी की देवी हे ठरवताच येत नाही अशी ती बाई मनात बसली ती कायमची. पुढे नोकरीनं लंडनला आणलं, ती नोकरी गेली, आणि हौसेचा धंदा झाला. हिशेब पहिल्या दिवसापासून बायकोकडे.

नवीन मंडळींना मी नेहमी सांगतो, सुरुवात थोरल्या फाउस्टिनापासून करा. सम्राट अँटोनायनस पायसची ही बायको त्याच्या कारकिर्दीच्या तिसऱ्याच वर्षी वारली आणि त्यानं तिच्या नावाची नाणी इ.स. 161 मध्ये स्वतः मरेपर्यंत पाडली. त्यावर 'डिव्हा फाउस्टिना' असतं. डिव्हा म्हणजे देवपदाला गेलेली. आपला 'देव' आणि हा शब्द एकाच मुळाचे. मागे सेरेस, व्हेस्टा, एटर्निटास, बघाल तेवढ्या देवी. नाणी भरपूर, म्हणून परवडतात. सम्राट ट्राजनची बायको प्लोटिना किंवा बहीण मार्सियाना यांच्या दुर्मीळ नाण्यांमागे पहिल्याच वर्षी लागू नका. डिडिया क्लाराचं तर नावच काढू नका; तिचा बाप 193 मध्ये 66 दिवस गादीवर होता, तेवढ्यात किती नाणी पाडली जाणार? आणि भारतातल्या बांधवांनो, घरात जुनं नाणं निघालं तर ते इकडे पाठवायचा विचारही करू नका. शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर काढणं हा 1972 च्या कायद्यानं गुन्हा आहे. असे फोन मला अजूनही येतात आणि मी अजूनही रागावतो.

पहिल्याच वर्षी एक बाई टेबलाशी आल्या. निवृत्त सुईण, चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली. त्यांना फक्त बाळंतपणाच्या देवी हव्या होत्या: युनो लुकिना आणि फेकुंडिटास. सम्राट मार्कस ऑरेलियसची बायको धाकटी फाउस्टिना, हिला डझनभर तरी मुलं झाली, आणि बऱ्याच बाळंतपणांचा माग तिच्या नाण्यांवर काढता येतो. 161 मध्ये कोमोडस आणि त्याचा जुळा भाऊ झाला, तेव्हा आसनावर दोन तान्ही बाळं असलेलं नाणं निघालं. बाईंनी ते तळहातावर घेतलं, भिंग लावलं आणि म्हणाल्या, "दोन्ही पालथी नाहीत, बरं झालं." आमच्या घरात त्यांचं नाव सुईणबाईच पडलं.

नंतर धंदा बरा चालला. मग ती अठरा नाण्यांची लॉट आली.

विकणारा तोच शेजारचा टेबलवाला. प्लॉटिला, लुसिला, ज्युलिया डोम्ना, सगळ्या रोमन राण्या, सगळ्या सुरेख. काट्यावर प्रत्येक नाणं 3.1 ते 3.4 ग्रॅममध्ये. कडेला ओतीव नाण्याची शिवण नाही, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे नाहीत, म्हणजे साच्यात ओतलेली बनावट नाणी नाहीत. मी घेतली, आणि दोन महिन्यांत सात विकली.

एका रात्री उरलेल्यांचे फोटो काढत होतो. प्लॉटिलाची दोन नाणी होती. मागे व्हीनस व्हिक्ट्रिक्स, म्हणजे विजयी व्हीनस देवी: ढालीला टेकलेली, हातात सफरचंद, पायाशी मदन. एकावर सफरचंदापासून मदनाच्या डोक्यापर्यंत केसासारखा ओरखडा होता. दुसऱ्यावरही तोच. तेवढाच लांब आणि शेवटी तसाच किंचित वाकलेला. एका डायची, म्हणजे एकाच ठशाची, दोन नाणी असू शकतात, ते काही पाप नाही. पण ओरखडा नाणं वापरताना पडतो, तो दोघांना एकसारखा कसा पडेल? म्हणजे एका खऱ्या, ओरखडा असलेल्या नाण्यावरून डाय काढून ही सगळी दाबलेली. मग कडा पुन्हा पाहिल्या. हातोड्यानं ठोकलेल्या नाण्याची कड पुष्कळदा कुठेतरी चिरते. उरलेल्या अकरांतल्या एकाही कडेला चीर नव्हती. हे मी आधी पाहायला हवं होतं. दहापटीचं भिंग खिशात असून मी चेहरे पाहत बसलो. तुम्ही कड आधी पाहा.

सातही गिऱ्हाइकांना दुसऱ्या दिवशी फोन केले, नाणी परत घेतली आणि टपालखर्चासकट पूर्ण पैसे परत केले. त्यासाठी 'विकायचं नाही' अशी चिठ्ठी लावलेल्या पेटीतला माझा सेस्टर्टियस गेला, सम्राट हेड्रियनची राणी सबिना हिचं मोठं पितळी नाणं. हिरवीगार, गुळगुळीत पॅटिना, म्हणजे काळानं चढवलेला थर, होती त्याची. आज तो कुणाकडे आहे हे मला माहीत आहे, आणि त्या घराच्या गल्लीतून जायचं मी टाळतो.

टेबलवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, विकलेला माल परत नाही. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण महिनाभरात बाजारात बोललं जाऊ लागलं की त्या हिंदुस्थान्याकडे खोटी नाणी असतात. पैसे परत करणारा मी, बदनाम मी. दोन बाजार आमच्या टेबलावर एक नाणं विकलं गेलं नाही. बायको वही बंद करून म्हणाली, अजून तीन महिने, मग नोकरी शोधा.

सातांत सुईणबाईही होत्या. त्यांनी चेक परत पाठवला. सोबत चिठ्ठी: पैसे राहू द्या, चार मुलांची फेकुंडिटास मिळाली की ती द्या. दोन कडेवर, दोन पायाशी, असं ते नाणं. मनासारखं मिळायला चौदा महिने लागले. तोवर त्या दर बाजाराला येऊन आमच्या टेबलाशी तासभर बसत, ओळखीच्या लोकांना हाक मारून बोलवत, आणि मोठ्यानं सांगत की या माणसानं मला स्वतःहून फोन केला होता.

त्यानंतरची अकरा वर्षं काम सरळ चाललं. अठरा खोटी नाणी मी वितळवली नाहीत. काळ्या ट्रेमध्ये, प्रत्येकाखाली लाल कागद लावून ठेवली आहेत आणि मागणाऱ्याला दाखवतो.

गेल्या बाजाराला एक तरुण मुलगा आला. नुकतीच घेतलेली प्लॉटिला दाखवायची होती. कुणाकडून घेतली हे त्यानं हातानंच दाखवलं, तीन टेबलं पलीकडे. मी काळा ट्रे काढला, आमची प्लॉटिला त्याच्या नाण्याशेजारी ठेवली आणि भिंग त्याच्या हातात दिलं. सफरचंदापासून मदनाच्या डोक्यापर्यंत ओरखडा त्यानंच शोधला.