असानोहा, फक्त काळ्या-पांढऱ्यात

आजचा रविवार असानोहा काढण्यात गेला. असानोहा म्हणजे जपानी किमोनोवर दिसणारी हेंपच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या, पानांची नक्षी. हे झाड झपाट्याने आणि सरळ वाढतं, म्हणून तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर ही नक्षी घालायची तिकडे जुनी रीत आहे. मूलही तसंच वाढावं! आईबापाचं एवढं मोठं मागणं चार रेघांत मावतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रचना सोपी आहे. समभुज त्रिकोणांचं जाळं आखायचं आणि प्रत्येकाच्या मध्यातून तिन्ही कोपऱ्यांना रेषा न्यायच्या. मी मात्र ऑप आर्टच्या, म्हणजे रेषा-आकारांनी डोळ्यांना हालचालीचा भास देणाऱ्या चित्रशैलीच्या, पद्धतीने बाह्यरेषाच ठेवल्या नाहीत. आतले तीन छोटे त्रिकोण बारीक समांतर रेषांनी भरले, तिघांची दिशा वेगळी. शाई तीच, जाडी तीच, तरी काही पानं वर उचलल्यासारखी दिसतात आणि रोखून पाहिलं की कागद थरथरतो. टक लावली तरी डोळे सूक्ष्म हलतच असतात, दाट रेषांवर ते जाणवतं. याच शैलीतल्या ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीने १९६१ साली नुसत्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांची रुंदी कमी करत सपाट चित्राला खोल घडी पाडली होती, ते आज हाताने कळलं.

पारंपरिक चिन्हाशी असा खेळ करू नये, असं काहींना वाटेल. पण ज्या नक्षीचा अर्थच वाढ आहे, तिला हालचाल शोभते, असं माझं ठाम मत आहे.

आता सेइगाइहा, म्हणजे समुद्रलाटांची नक्षी घेणार आहे. कुणाकडे जुन्या जपानी कापडाचे जवळून काढलेले फोटो असतील तर नक्की पाठवा.