मर्सिडीजच्या पोटात शेवरोले

आज दिवसभर रत्नागिरीत, आतेभावाच्या गॅरेजात. जुन्या मर्सिडीज डब्ल्यू१२३ मध्ये शेवरोलेचं ५.७ लिटरचं एलएस१ व्ही८ इंजिन बसवायचा घाट घातलाय पठ्ठ्याने. आठ सिलिंडर म्हणजे धूड असणार, असं वाटलेलं. पण ब्लॉक ॲल्युमिनियमचा, कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) एकच आणि तोही ब्लॉकच्या आत, त्यामुळे हेड, म्हणजे सिलिंडरवरची झाकणं, बुटके. चेनब्लॉकवरून (साखळीच्या कप्पीवरून) अलगद उतरलं. अडलं ते उजवीकडच्या स्टिअरिंग बॉक्सपाशी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना) बोटभर जागा मिळेना. भावाने ग्राइंडर उचलला, तर मेस्त्री ओरडले, "कापू नको रे, पाइप नवा वाकवू!"

बरोबरच आहे त्यांचं. खाऱ्या वाऱ्याने फेंडरखालचा पत्रा आधीच पापड झालाय, तिथे वेल्डिंग आधी हवं. आणि इंजिन बदलायला आरटीओची परवानगी? ती अजून यायचीय. आमचे बंधुराज मात्र सायलेन्सरचा आवाज निवडतायत!