तुम्ही विचारलंत म्हणून: तुमच्या फोटोत माणसं का नसतात?

फोटो झकास आहेत पण माणसं कुठायत, हे दर वर्षी तुरी निघाल्या की सुरू होतं आणि होळीपर्यंत चालतं. पुण्याचे विचारतात, नागपूरचे विचारतात, आमच्या तालुक्याचा चहावालासुद्धा विचारतो की भाऊ, तुमच्या फोटोत गाव ओसाड पडल्यावानी काहून दिसते. आजपर्यंत मी वेळ मारून नेली. कोणाला म्हटलं लँडस्केप म्हणजे लँडस्केप, कोणाला म्हटलं सहा वाजता शेतात असतंच कोण, बाया पाचला सुटतात, आणि एकाला तर म्हटलं की बाबा लग्नसराईत माणसांचेच फोटो काढून पोट भरतो, निदान शेतात तरी सुट्टी दे. हसण्यावारी जातं. पण परवा एका मुलीनं लिहिलं, "शेतकऱ्याशिवाय शेत म्हणजे वॉलपेपर, तुम्ही यवतमाळ जिल्ह्याचा वॉलपेपर करताय." ते लागलं मला, कारण हे वाक्य जवळपास जसंच्या तसं माझंच आहे. कॅमेरा नवीन होता तेव्हा मीच हे ज्याला त्याला ऐकवत फिरायचो. तर आता एकदाचं सांगूनच टाकतो.

आधी उजेडाचं, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. ज्याला सगळे गोल्डन अवर म्हणतात तो आपल्याकडे अवर नसतोच. सूर्य उतरत क्षितिजापासून साधारण ६ अंशांवर आला की उजेड रंग धरतो, आणि आपण २०-२१ अक्षांशावर, इथं तो इतका सरळ खाली उतरतो की तिथून मावळेपर्यंत २५ मिनिटं मिळतात, जास्त नाही. ते युरोपातले लोक व्हिडिओत निवांत ट्रायपॉड लावताना दिसतात ना, त्यांच्याकडे सूर्य तिरपा घसरतो, त्यांना परवडतं. आमच्याकडे फेब्रुवारीच्या मध्यावर सव्वासहाच्या आसपास तो बुडतो, म्हणजे पावणेसहाला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, हजर पाहिजे आणि सव्वासहाला खेळ खलास. बरं, मावळायची जागाही एक राहत नाही. फेब्रुवारीच्या महिनाभरात ती दक्षिणेकडून पश्चिमेकडे दहाएक अंश सरकते, हात लांब करून मूठ धरली तर एका मुठीएवढी, त्यामुळे सुरुवातीला जो निंब बरोब्बर सूर्याच्या आड येत होता तो महिनाअखेर बाजूला उभा राहून बघत असतो.

रंग कुठून येतो तर क्षितिजावरच्या सूर्याचा उजेड डोक्यावरच्या मानानं जवळपास ३८ पट हवेतून येतो, निळा वाटेतच विखुरतो आणि पिवळा-तांबडा आपल्यापर्यंत पोचतो, हे झालं पुस्तकातलं. आमच्याकडे त्यात तुरीचं कुटार मिसळतं. थ्रेशर चालू असलं की त्याचा बारीक भुसा किती तरी वेळ हवेत तरंगतो, कुठं पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटवली असेल तर धूर जमिनीलगत बसून राहतो, आणि हरभऱ्यात तुम्ही खाली बसून सूर्याकडे पाहिलं तर पानांवरच्या बारीक लवेला आंबीचा, त्या आंबट रसाचा, थेंब न् थेंब दिसतो. मार्च सरत आला की हेच आभाळ पांढरं फटक. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर ठेवला तर तो हा सगळा पिवळेपणा चूक समजून धुऊन काढतो, म्हणून मी तो डेलाइटवर, ५२०० केल्विनच्या आसपास टाकून ठेवतो. फिल्टर कोणता लावता, याचं उत्तर एवढंच आहे आणि तो प्रश्न वेगळा.

मुद्दा हा की हा उजेड सगळ्यात भारी दिसतो तो अंगावर घेतला की. सूर्य समोर, वस्तू मधे. एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, आभाळाचं धरायचं, मधलं सगळं काळं पडतं, कडा तेवढ्या सोन्याच्या. झाडाचं तसं चालतं, बैलाचंही चालतं. माणूस काळा पडला की त्याचं तोंड जातं, आणि मग त्या जागी बघणारा वाट्टेल ते भरतो.

माझ्या शेजारचे एक काका, नाव नाही घेत. फेब्रुवारीच होता. दिवसभर पऱ्हाटी उपटून त्यांनी ढीग लावले होते, त्याला कुठं कुठं कवडी कापूस चिकटलेला, आणि मी पांधणीनं चाललो होतो. काका धुऱ्यावर बसलेले. गुडघे वर, मान खाली, दोन्ही हात मांडीत, डोक्याला दुपट्टा. मागं सूर्य, बाजूला ती वाकडी बाभूळ, मधे पलीकडच्या थ्रेशरचं कुटार तरंगतंय. असं रोज मिळत नाही हो. मी आवाज न करता खाली बसलो आणि पटापट फ्रेम मारल्या. मग हाक दिली तर काका म्हणाले, "ये बे, घे," आणि खर्रा पुढं केला. कारण मान खाली घालून ते खर्रा घोटत होते. पन्नीतला, म्हणजे प्लास्टिकच्या कागदातला, खर्रा तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या टाचेनं घोटायचा, सुपारी, तंबाखू आणि चुना एकजीव होईस्तोवर, त्याला दम लागतो आणि मान खाली जातेच, इकडच्या माणसाला हे सांगायला नको. पण फोटोत पन्नी दिसत नव्हती. ती काळ्यात गेली होती.

मी फोटो टाकला. खाली लिहिलं, "फेब्रुवारी, संध्याकाळ." बस. हे ठासून सांगतो, कारण नंतर ज्यानं त्यानं मला ऐकवलं की तू जबाबदारीनं लिहायला पाहिजे होतं. काय लिहायचं होतं मग? सदर इसम मजेत आहे, काळजी नसावी?

कोणीतरी माझं नाव कापून त्यावर बळीराजाची कविता चिकटवली. ती फिरली. मग आणखी कोणीतरी कविता काढून आमच्या तालुक्याचं नाव, कर्जाचा एक आकडा आणि हात जोडल्याची दोन चित्रं टाकली, भावपूर्ण श्रद्धांजली. आकडा कुठून आणला देव जाणे.

काकांची पोरगी पुसदकडे दिलेली आहे. तिच्या सासरच्या ग्रुपवर ते आलं. बाकीच्यांना तो कोणीही शेतकरी होता, तोंड कुठं दिसत होतं, पण तिला बाभूळ ओळखू आली, दुपट्टा बांधायची तऱ्हा ओळखू आली, बापाचा डावा खांदा जरा पडलेला आहे तो ओळखू आला. तिनं फोन लावला. शेतातल्या मोटरीची लाईन रात्रीची, म्हणून काका गव्हाला ओलीत करायला शेतात आणि तिथं रेंज नाही, काकूंचा फोन घरी चार्जिंगला आणि काकू भजनाला. माझा नंबर तिच्याकडे नव्हता. ती लेकराला कडेवर घेऊन एसटीनं निघाली, यवतमाळला आली तर पुढची शेवटची गाडी गेलेली, मग कोणाच्या तरी दुधाच्या गाडीत बसून पहाटे घरी पोचली. काका तेव्हा चिखलाचे पाय धुऊन ओसरीवर चहा पीत होते.

ते मी पाहिलं नाही, ऐकलं. पाहिलं ते सकाळी. ती माझ्या दारात उभी. रडत नव्हती. मोबाईल पुढं धरून म्हणाली, "दादा, हा फोटो तुम्ही काढला?" आणि मी हो म्हणायच्या आधीच सांगायला लागलो की कविता माझी नाही, तो आकडा माझा नाही, हे पाहा माझ्याकडचं मूळ, यात काहीच लिहिलेलं नाही. ती म्हणाली, "मी कवितेचं विचारूनच नाही राह्यली." मागून काका आले, हसत आले, किंवा हसायचं ठरवून आले. "मी खर्रा घोटून राह्यलो होतो ना बे, अन् तू मले मारून टाकलं?" ते हसले म्हणून मी हसलो. ती नाही हसली.

इथवर राहिलं असतं तर गावात गंमत म्हणून सांगायला एक किस्सा झाला असता. पण पुढच्या आठवड्यात कृषी केंद्रवाल्यानं पोरगं पाठवलं, खरिपाच्या खत-बियाण्याचे पैसे कधी देता म्हणून. दर साली तो माल विकेपर्यंत सबुरीनं घ्यायचा. आता त्याच्या कानावर आलं होतं की त्या घरचं काही खरं नाही. काका देणं लागत होते, कोण लागत नाही, पण बुडालेले नव्हते. त्यांनी भाव पडलेला असताना घाईघाईनं तूर विकली. किती फटका बसला ते मी विचारलं, त्यांनी माझ्या मोटरसायकलच्या टायरचा विषय काढला. पुन्हा विचारलं, पुन्हा टायर.

आता यवतमाळचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यापुढं एकच चित्र येतं हे तुम्हालाही माहीत आहे. २००६ च्या जुलैत पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्या वर्षांमध्ये कॅमेरे गावोगाव आले आणि मान खाली घालून बसलेला शेतकरी हा फोटो लोकांच्या डोक्यात पक्का बसला. तो खोटा होता असं मी म्हणत नाहीये, इथं राहून असं म्हणायची कोणाची छाती आहे? पण आता झालंय असं की इथला माणूस मान खाली घालून पायातला काटासुद्धा काढू शकत नाही, कोणीतरी लगेच हात जोडतो.

जुना मी यावर म्हणतो, हे सगळं ठीक आहे राज्या, पण मग सूर्य पाठीशी घे आणि माणूस समोर उभा कर, तोंड दिसू दे, पन्नी दिसू दे, कोणी श्रद्धांजली वाहणार नाही. बरोबर आहे त्याचं. आणि तेच करतो मी. माणसं नसतात हे खरंच नाही, तुम्हाला दिसत नाहीत एवढंच. पावणेसहाचा उजेड अंगावर पडला की लोक डोळे मिचकावतात, पदर नीट करतात, पोट्टे मोबाईल खिशातून अर्धा बाहेर काढून ठेवतात, म्हातारे अटेन्शनमध्ये उभे राहतात, आणि तो फोटो फोटो म्हणून फारसा चांगला नसतो. पण प्रिंट काढून दिली की ती घरात लागते. काकांचीही लागली आहे. त्यांनी मुद्दाम बोलावून काढून घेतली, इस्त्रीचा शर्ट, हातात खर्र्याची पन्नी, आणि म्हणाले, "खरंच मेलो तं हा देजो ग्रुपवर, थो नको." काकू चिडल्या. मी फाइल जपून ठेवली आहे.

हे फोटो मी कुठंही टाकत नाही. का नाही, तर जो टाकला तो माझा राहत नाही हे मी पाहिलंय. जुना मी म्हणतो की ही पळवाट आहे, तोंड असलेली माणसं लोकांना दिसलीच नाहीत तर ते तोंड नसलेलंच खरं मानत राहतील, तू तुझ्या सोयीसाठी काकांना कपाटात ठेवलंस. मी म्हणतो, कृषी केंद्राचं पोरगं तुझ्या दारात आलं नव्हतं. तो म्हणतो, तुझ्याही दारात नव्हतं आलं, काकांच्या आलं होतं, आणि ते तर फोटो टाक म्हणतात. म्हणतात खरं. त्यांची पोरगी नाही म्हणत. ती माझ्याशी नीट बोलते, लेकराच्या जावळाला मलाच फोटो काढायला बोलावलं, फक्त पुढं नुसतं म्हणाली, "दादा, हे घरातच ठेवा."

आणि रिकाम्या शेताचे फोटो तरी कुठं निरुपद्रवी असतात? गेल्या हिवाळ्यात बेंबळा धरणाच्या फुगवट्याजवळचा एक टाकला होता, गव्हावर तिरपा उजेड, मागं पळस फुललेला, माणूस नाही, गुरंढोरं नाहीत, फारच वाहवा झाली. खाली एका गृहस्थांनी विचारलं, किती शांत आहे, फार्महाऊससाठी तिकडे एकरी काय भाव चाललाय? त्या गव्हाचा मालक माझ्या मागं वीस पावलांवर मोटर चालू करत होता. त्या गृहस्थांना मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्यांना तो प्रश्न सुचला माझ्याच फोटोमुळं, आणि हे त्या वॉलपेपरवाल्या मुलीला कळलं तर ती म्हणेल की बघा, मी काय म्हणत होते, आणि त्यावर माझ्याकडे बोलायला काही नाही. तरी काकांचं तोंड मी नेटवर टाकणार नाही. ही दोन्ही कशी जुळवायची ते तेवढं आता विचारू नका, एकाच प्रश्नाला इतका वेळ लागला.